एम३५ए२ मिलिटरी ट्रक: दहाची सहा चाकं करू का? टायर-रिमबद्दल सल्ला हवा

माळरान (टेक्सस)

नमस्कार मंडळी,
सरकारी लिलावातून अमेरिकन आर्मीचा जुना एम३५ए२ उचलला आहे. अडीच टनी, सहाही चाकांना ताकद, पाटीवर एएम जनरल १९७१. मल्टिफ्युएल (वेगवेगळ्या इंधनांवर चालणारं) इंजिन, पाच गिअर, पॉवर स्टिअरिंग नाही. इंजिन ठणठणीत आहे, टर्बोची शिट्टी तर पलीकडच्या रँचवर ऐकू जाते.

रड आहे ती टायरची. पुढे दोन, मागे दोन अ‍ॅक्सलवर जोडीजोडीने आठ, असे दहाही ९.००-२० एनडीटी. म्हणजे आर्मीचे ते ठोकळ्यांच्या नक्षीचे नायलॉन टायर. नक्षी भरपूर शिल्लक आहे, पण कुशींना चिरा पडल्यात. डांबरी रस्त्यावर वेग घेतला की कॅबमध्ये शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबायची भीती वाटते.

विचार असा आहे की मागची जोडटायर काढून टाकायची आणि सहाही ठिकाणी एकेक मोठं टायर बसवायचं. ३९५/८५ आर २० (३९५ मिमी रुंद, २० इंची रिमचे रेडियल टायर) लावलेल्या ट्रकचे फोटो बघून वेडा झालोय. दुसरा पर्याय ११.०० आर २०. कोणी केलंय का? आहे तीच रिम चालेल? स्पीड किती वाढेल?

चहाटळ (ठाणे)

वहिनींनी ट्रकचं बिल बघितलंय का? टायरचं नंतर बघू.

एकलव्य (ओहायो)

अभिनंदन! माझ्याकडे पण एम३५ए२ आहे, ११.०० आर २० सहा सिंगल लावलेत, मूळच्याच रिमवर. दिसतो झकास, आवाज निम्म्यावर आला. हायवेला इंजिन जरा निवांत चालतं. बिनधास्त करा.

खडकीकर (पुणे)

मी फौजेत ईएमईमध्ये, म्हणजे गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात होतो. आमच्याकडे शक्तिमान ट्रक आणि जोंगा जीप. तुमचा ट्रक फक्त चित्रात पाहिलाय, पण दुखणी सारखीच असणार.

पहिली गोष्ट. नक्षी बघून टायर चांगलं म्हणू नका. डेपोत वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीचं टायर न झिजताच म्हातारं होतं. कुशीवरच्या डॉट कोडचे (टायर कधी बनलं ते सांगणारे) शेवटचे आकडे बघा. चार आकडे असतील तर पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. तीनच आकडे असतील तर ते टायर २००० च्या आधीचं आहे, त्यावर पुढची चर्चा नको. किमान पुढचे दोन तरी आजच उतरवा. मागचं जोडीतलं फुटलं तर शेजारचं सांभाळून घेतं, पुढचं फुटलं तर स्टिअरिंग तुमच्या हातात राहत नाही, त्यातून तुमचं पॉवर नसलेलं.

माळरान (टेक्सस)

काका, बघून आलो. सहा टायरना तीनच आकडे आहेत. दोघांचा कोड वाचताच येत नाही.

खडकीकर (पुणे)

मग निर्णयाचा अर्धा भाग झाला. बदलायचे की नाही हा प्रश्न संपला, कोणते लावायचे एवढाच उरला.

गिअरमावशी (मिशिगन)

मी गाड्यांच्या ड्राइव्हलाइनवर काम करते, त्यामुळे धाग्यात उडी मारल्याशिवाय राहवलं नाही. लांब लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी बोल्ट. एम३५ च्या चाकाला सहा बोल्ट, पावणेनऊ इंचाच्या वर्तुळावर, म्हणजे २२२.२५ मिमी. ३९५/८५ आर २० हे टायर आर्मीच्या नंतरच्या पिढीतल्या एफएमटीव्ही ट्रकांचं. लिलावात ते रिमसकट स्वस्तात मिळतं म्हणून सगळे त्यावर तुटून पडतात. पण त्या रिमला दहा बोल्ट, ३३५ मिमी वर्तुळावर. पाच टनी एम९३९ ला ती चालते, तुमच्या हबवर बसणारच नाही. मग लोक काय करतात, तर रिमचा मधला भाग कापून सहा बोल्टांचा वेल्ड करतात. चांगल्या वर्कशॉपने लेथवर धरून, चाक डुगडुगत नाही ना हे तपासून केलेलं काम मी पाहिलंय. अंगणात ग्राइंडरने केलेलंही पाहिलंय, त्याच्या जवळपास उभं राहायची माझी तयारी नाही. आणि एम३५ ची मूळ रिम साडेसात इंच रुंद. ३९५ मिमी, म्हणजे साडेपंधरा इंची टायर तिच्यावर चढवायचा विचारसुद्धा करू नका, त्याला दहा इंची रिम लागते.

आता उंची. ३९५ चे ८५ टक्के ३३६ मिमी, दोन्हीकडून मिळून ६७२, त्यात २० इंचांचे ५०८ मिळवा: ११८० मिमी, म्हणजे सव्वाशेहेचाळीस इंचांच्या थोडं वर. तुमचं ९.००-२० साधारण साडेचाळीस इंच. ११.०० आर २० सुमारे त्रेचाळीस. तुमचा ट्रक २६०० आरपीएमला पाचव्या गिअरमध्ये ताशी ५६ मैलांच्या आसपास संपतो. ११.०० लावलं की तेवढ्याच आरपीएमला साडेएकोणसाठ, ३९५ लावलं की ६४. आणि हे सपाटीवर. मल्टिफ्युएल जेमतेम १३० हॉर्सपॉवरचं इंजिन, चढाला ते मोठं चाक ओढणार नाही, तुम्ही चौथ्यात उतरणार आणि पुन्हा तिथेच याल. शिवाय स्पीडोमीटर त्या प्रमाणात कमी दाखवेल, पोलिसाला ते सांगून उपयोग नाही.

याच्या उलट्या बाजूला ब्रेक आहे. ड्रम तेवढाच, सिलिंडर तेवढाच, चाक मात्र १४-१५ टक्के उंच. रस्त्याला मिळणारा ब्रेकचा जोर साधारण १३ टक्क्यांनी घटतो. एम३५ए२ ची ब्रेकची यंत्रणा हवेवर ढकललेली हायड्रॉलिक आणि एकाच सर्किटची. एक पाइप गेला की सगळे ब्रेक गेले. अशा गाडीचा ब्रेक मी फोटोसाठी कमी करणार नाही.

एकलव्य (ओहायो)

मावशी, मुद्दे पटले, पण जरा जास्तच घाबरवताय. शेकडो लोक सिंगल लावून फिरतात. ३९५ चं माहीत नाही, ११.०० ने माझे ब्रेक काही बिघडले नाहीत. स्टिअरिंग उभ्या गाडीत जड झालंय हे खरं, पण चालत्या गाडीत वळवायची सवय लागते.

गिअरमावशी (मिशिगन)

११.०० ला मी नाही म्हटलेलंच नाही. तुमच्या गाडीत माल किती असतो?

एकलव्य (ओहायो)

माल कसला, मुलं आणि कूलर. ४ जुलैच्या परेडला काढतो.

गिअरमावशी (मिशिगन)

तेच विचारायचं होतं. माळरान, तुमचा ट्रक करणार काय आहे? हे पहिल्या पोस्टमध्ये नाही.

आणि उत्तर देण्याआधी ट्रकखाली सरपटून ट्रान्सफर केसवरचा (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला वाटणारी गिअरपेटी) नंबर बघून या. १३६-२१ की १३६-२७?

धुरांडं (सांगली)

सांगलीत आमचं ट्रकचं गॅरेज आहे, आजोबांपासून. मी रिंगबद्दल बोलतो, कारण यावर कोणी काही लिहिलं नाही आणि यातच माणसं मरतात.

ही २० ची रिम ट्यूबची. टायर, ट्यूब, फ्लॅप (ट्यूब आणि रिमच्या मधली रबरी पट्टी), आणि बाजूला लोखंडी रिंग ठोकून बसवलेली. रिंग गंजलेली असेल, वाकलेली असेल, खाचेत पूर्ण बसली नसेल, तर हवा भरताना ती सुटते. सुटते म्हणजे सरकत नाही, गोळीसारखी येते. आमच्या पट्ट्यात प्रत्येक जुन्या पंक्चरवाल्याला अशी एक तरी घटना माहीत असते.

तर माळरान भाऊ, रिम खोलायच्या आधी व्हॉल्व्हची पिन काढायची. टोचून हवा सोडायची नाही, पिन पूर्ण बाहेर. जोडटायर असेल तर चाक बोल्टावरून सैल करायच्या आधी दोन्हींची हवा काढायची, आतल्या चाकाची रिम चिरलेली असेल तर नट सैल होताच ती उसळते. रिंग आणि खाच तारेच्या ब्रशने उघडी करून बघायची. एका रिमची रिंग दुसऱ्या कंपनीच्या रिमवर घालायची नाही, बसली तरी नाही. आमच्याकडे साखळी गुंडाळून हवा भरतात, काही नसण्यापेक्षा बरं. खरं म्हणजे पिंजरा हवा.

गिअरमावशी (मिशिगन)

धुरांडं, +१००. अमेरिकेत ओशाचा (कामगार-सुरक्षेचं सरकारी खातं) १९१०.१७७ हा नियमच यावर आहे. दुकानाला पिंजरा बंधनकारक, आणि हवा भरणाऱ्याने लांब होज आणि क्लिपवाला चक (व्हॉल्व्हवर अडकून राहणारं टोक) लावून फेकीच्या रेषेबाहेर उभं राहायचं. ठरलेल्या दाबाच्या ८० टक्के किंवा त्याहून कमी हवेवर टायर चाललं असेल तर ते उतरवण्याआधी पूर्ण रिकामं करायचं, हेही त्यातच आहे. घरी काम करणाऱ्याला नियम लागू नसेल, रिंगला ते माहीत नसतं.

माळरान, रिंगवालं काम करणारं ट्रक-टायरचं दुकान शोधा. बरीच दुकानं आता हात लावत नाहीत, आधी फोन करून विचारा.

माळरान (टेक्सस)

बाप रे. मी दोन टॉमी (टायर काढायच्या पहारी) आणि हातोडा ऑनलाइन मागवून बसलो होतो. ते परत जातील.

नंबर १३६-२१.

आणि ट्रकचं काम: आमच्याकडे उन्हाळ्यात वणव्याची भीती असते आणि विहिरीचं पाणी वरच्या माळावर पोचत नाही. मागे हजार गॅलनची टाकी आणि पंप बसवायचाय. गुरांसाठी पाणी आणि वेळ पडली तर आगीवर. वर्षातून काही वेळा गावात डिझेल आणायला डांबरी रस्ता, बाकी सगळं चुनखडीचे दगड आणि मेस्किटचे काटे.

खडकीकर (पुणे)

हजार गॅलन! हे आधी सांगायचं होतं, राव.

गिअरमावशी (मिशिगन)

सगळा धागा पहिल्यापासून वाचायला हवा आता.

अमेरिकन गॅलनचं पाणी ८.३४ पौंड. हजार गॅलन म्हणजे ८,३४० पौंड, टाकी आणि पंप धरून नऊ हजार. आर्मीने या ट्रकला रस्त्यावर दहा हजार आणि रस्ता सोडून पाच हजार पौंडांची मर्यादा दिली आहे. 'अडीच टनी' हे नाव त्या पाच हजारांचं. तुमचं काम माळावरचं, म्हणजे पाचशे गॅलनची टाकी, आणि तीही आत आडवे पडदे असलेली, नाहीतर अर्धी भरल्यावर उतारावर पाणी गाडीला ढकलतं. ही सूचना टायरच्या आधी घ्या.

तरी हजार गॅलनचाच हिशोब करून बघू. रिकामा ट्रक साधारण तेरा हजार पौंड. त्याचं निम्मं आणि टाकीचं जवळजवळ सगळं मागच्या दोन अ‍ॅक्सलवर: साडेपंधरा हजार. आठ टायर असतील तर प्रत्येकावर १,९०० च्या आसपास, चार असतील तर ३,९००. चांगलं ११.०० आर २० हे पेलेल, त्याच्या कुशीवरचा आकडा वाचला की कळेल. पण साडेसात इंची जुन्या रिमवर हा भार रोज टाकावा असं मला वाटत नाही. दुसरं, जोडटायरमध्ये भार हबच्या बेअरिंगांच्या जवळपास मध्यावर येतो. एम३५ ची रिम खोल बशीसारखी आहे, एकच चाक लावलं की ते आत किंवा बाहेर सरकतं आणि बेअरिंगला सगळा भार एका बाजूने खावा लागतो. रिकाम्या परेडच्या गाडीत हे कळतही नाही.

आता १३६-२१. या ट्रान्सफर केसमध्ये स्प्रॅग क्लच आहे. पुढच्या अ‍ॅक्सलला लिव्हर नाही. मागची चाकं घसरून पुढच्यांपेक्षा ठरावीक प्रमाणात जास्त फिरली की स्प्रॅग आपोआप पकडतो आणि पुढची चाकं ओढू लागतात. पैशाअभावी बरेच जण पुढे दोन मोठे रेडियल लावतात आणि मागे जुने आठ ठेवतात. मोठं चाक हळू फिरतं. त्या बिचाऱ्या स्प्रॅगला वाटतं मागची चाकं घसरताहेत, आणि तो कोरड्या डांबरावर पकडायला लागतो. मग सगळा ताण शाफ्ट आणि गिअरवर. म्हणून पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठी कधीच नकोत. १३६-२७ ला पुढचा अ‍ॅक्सल हवेच्या व्हॉल्व्हने हाताने लावतात, तिथे निदान तो बंद ठेवता येतो.

मागच्या दोन अ‍ॅक्सलच्या मध्येही डिफरन्शियल (वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) नाही, दोन्ही एकमेकांशी घट्ट बांधलेले आहेत. एका अ‍ॅक्सलवर नवे, दुसऱ्यावर झिजलेले, असं चालणार नाही. जोडीतल्या दोन टायरच्या उंचीत अर्ध्या इंचाहून जास्त फरक नको, नाहीतर उंच असलेलं एकटंच भार उचलतं आणि छोटं रस्त्यावर घासत जातं. मोजायचं कसं? खडूने टायरवर आणि जमिनीवर खूण करा, भार असताना गाडी चाकाचा एक फेरा पुढे घ्या, अंतर मोजा. कॅटलॉगमधल्या आकड्यापेक्षा हे खरं.

वाटसरू (दुबई)

यातलं काहीही कळत नाही, ट्रकही नाही, तरी सगळं वाचलं. वाचनखूण साठवली आहे. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

एकलव्य (ओहायो)

मावशींचा बेअरिंगचा मुद्दा मान्य. पण जोडटायरची दुसरी बाजूही सांगायला हवी. दोन टायरच्या मध्ये दगड अडकतो. माळरान, तुमच्याकडे चुनखडी आहे, मुठीएवढा दगड फटीत बसला की दोन्ही कुशी कापत जातो. चिखलात ती फट भरून चाक गुळगुळीत होतं. आर्मीनेसुद्धा शेवटी सिंगलच केले ना? एम३५ए३ बघा, १४.५ आर २० चे सहा.

गिअरमावशी (मिशिगन)

अगदी बरोबर, आणि ए३ हेच माझं उदाहरण आहे. १९९० च्या दशकात आर्मीने ए२ उघडून ए३ केले तेव्हा नुसती चाकं बदलली नाहीत. कॅटरपिलरचं इंजिन, अ‍ॅलिसनचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, पॉवर स्टिअरिंग, चालत्या गाडीत टायरची हवा कमीजास्त करणारी यंत्रणा, हे सगळं एकदम आलं. चाक बदलायचं म्हणून गाडी बदलली. आपण उलटं करतो, चाक बदलतो आणि गाडीने जुळवून घ्यावं म्हणतो.

दगडाचं मात्र खरं आहे. उतरून फटीत बघायची सवय लावा, अडकलेला दगड दोरीने ओढून काढा.

धुरांडं (सांगली)

माझं मत: भाऊ, ९.०० चाच रेडियल घ्या, दहा. आमच्याकडे जुन्या टाटा १२१० ला हाच साइज होता, नायलॉन काढून रेडियल चढवलेल्या कितीतरी गाड्या बघितल्या. आवाज कमी, रस्ता धरतात, तापत नाहीत. उंची तीच, म्हणून स्पीडोमीटर, ब्रेक, तुमचा तो स्प्रॅग, कशालाच धक्का नाही.

फक्त रेडियलला रेडियलचीच ट्यूब लागते. नायलॉनची ट्यूब आत टाकली की कुशीच्या हालचालीने ती घासून जाते. फ्लॅपही नवा. आणि पुढे रेडियल, मागे नायलॉन असा खिचडा नको, बदलायचे तर दहाही.

११.०० घेऊन जोड ठेवायचा विचार करू नका. मूळ रिमवर दोन टायरच्या मधली फट ९.०० साठी आहे. भार पडला की फुगलेल्या कुशी एकमेकींना घासतील.

माळरान (टेक्सस)

ट्यूबलेस नाही का करता येणार? काट्यांमुळे ट्यूब नकोशी वाटते.

गिअरमावशी (मिशिगन)

येईल. १० आर २२.५ हे ट्यूबलेस टायर ९.०० आर २० च्याच उंचीचं, ११ आर २२.५ हे १०.०० आर २० च्या उंचीचं. साडेबावीसची रिम एकसंध असते, रिंगच नाही, धुरांडं यांची झोप सुखाची. मधल्या आकाराच्या जुन्या अमेरिकन ट्रकांना सहा बोल्ट पावणेनऊ इंचांवर अशा रिमा येत, भंगारात मिळतात. पण बोल्ट जुळले म्हणून पैसे देऊ नका. मधलं भोक हबवर बसतं का, ड्रमला रिम घासते का, जोड लावल्यावर फट पुरेशी राहते का, हे एक रिम आणून गाडीवर चढवून बघा. मग बाकीच्या घ्या.

माळावर मात्र एक तोटा आहे. ट्यूबलेसची हवा खूप कमी करून रेताडात गेलात तर टायरची कड रिमवरून सुटू शकते, ट्यूब असली की निदान हवा एकदम जात नाही.

खडकीकर (पुणे)

मेस्किटच्या काट्याला ट्यूब काय आणि ट्यूबलेस काय. स्टेपनी चांगली ठेवा. तुमची स्टेपनी कॅबच्या मागे टांगलेली असते ना? मोठं टायर घेतलं असतं तर ती तिथे मावलीच नसती, आणि रिमसकट दोनशे पौंडांच्या वरचं ते धूड माळावर एकट्याने उचलून दाखवा.

नटचंही लिहितो, कारण नवखे इथे हमखास फसतात. या जुन्या गाड्यांत डावीकडच्या चाकांना डाव्या आट्यांचे बोल्ट असतात. बोल्टाच्या टोकावर इंग्रजी एल कोरलेला असतो. उजवीकडचे नेहमीसारखे. डावीकडे पाइप लावून लोंबकळलात तर नट निघणार नाही, बोल्ट तुटेल.

एकलव्य (ओहायो)

यात भर. जोडटायरला आतला टोपीनट वेगळा, त्यावरून बाहेरचा नट. सिंगल केलं तर मागेही पुढच्या चाकासारखे नट लागतात, टोपीनटावरच चाक आवळून गाडी पळवू नये. जोड ठेवत असाल तर आतले टोपीनट आवळायला बाहेरचे सैल करावे लागतात. हा कंटाळा लोक करतात आणि आतलं चाक सैल राहतं. थोडं अंतर चालवून पुन्हा आवळा. किती फूट-पौंड ते टीएम ९-२३२०-३६१ या मॅन्युअलमध्ये बघा, माझ्या आठवणीवर विसंबू नका.

चहाटळ (ठाणे)

अवांतर: आमच्या सोसायटीत स्कूटीचं टायर बदलायचा ठराव तीन सभा चालला. इथे एका रात्रीत दहा झाले.

सागरगोटा (कोल्हापूर)

इथे लष्करी लिलावातली जोंगा घेतलीय. तिला रुंद टायर लावायचे होते, आरटीओ एजंट म्हणतो काही होत नाही. हा धागा वाचून धीर सुटलाय.

खडकीकर (पुणे)

एजंटाला काही होत नाही, तुम्हाला होतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघा. कंपनीने दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल करायचा नाही असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलंय. अपघात झाला तर विमावाले पहिलं टायरकडेच बघतील. जोंगाचा वेगळा धागा काढा, तिच्यावर मला बरंच लिहायचंय.

माळरान (टेक्सस)

सर्वांचे आभार. ठरलं ते असं. टाकी पाचशे गॅलनची, आत पडदे असलेली. जोडटायर तशीच. ९.०० आर २० दहा, नव्या ट्यूबा-फ्लॅपसकट, स्टेपनीला अकरावं. पिंजरा असलेलं एक दुकान सापडलंय. रिमा आणि रिंगा आधी सँडब्लास्ट करून आणा, ज्या खराब निघतील त्या मी परत देणार नाही, असं त्याने फोनवरच बजावलं. ३९५ चा फोटो मोबाइलच्या वॉलपेपरवर ठेवलाय, तेवढं चालेल.

एकच शंका. आतल्या चाकाच्या व्हॉल्व्हपर्यंत हात पोचत नाही. लांब नळी लावू का?

धुरांडं (सांगली)

रबरी नळी नको, काट्याकुट्यात तुटते आणि हवा जाते. वाकडा पितळी व्हॉल्व्ह घ्या, आणि चाकं चढवताना आतल्या-बाहेरच्या रिमची भोकं अशी जुळवा की आतला व्हॉल्व्ह बाहेरच्या भोकातून दिसेल. दोन्ही व्हॉल्व्ह समोरासमोर, म्हणजे १८० अंशांवर ठेवा. दुकानदाराला आधीच सांगा, दहा चाकं आवळून झाल्यावर सांगितलंत तर शिव्या खाल.

एकलव्य (ओहायो)

त्या जुन्या एनडीटींपैकी ज्यांचा कोड वाचता येत नाही ते दोन टाकून देऊ नका. परेडच्या ट्रकच्या मागे नुसते शोभेला टांगायचेत. ओहायोपर्यंतचं भाडं माझं.

चहाटळ (ठाणे)

वहिनी, वाचताय ना? आता ओहायोच्या वहिनींनाही धागा पाठवा.